दसऱ्याचं ऑइल

आमच्या घरी दसऱ्याला सोनं वाटतात, श्रीखंड होतं आणि गाडीचं ऑइल बदलतात. पहिल्या दोन गोष्टी मी माहेरी पाहिल्या होत्या. तिसरी लग्न होऊन जयपूरला आल्यावर कळली.

माझे सासरे, म्हणजे बाबा, केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सांगलीकडून बदलीवर इथे आले, पुढची बदली आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता निवृत्त झाले आणि गोपालपुऱ्याच्या आतल्या गल्लीत घर बांधून राहिले. तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते म्हणे. आता चारही बाजूंना कोचिंग क्लास आणि हॉस्टेलं आहेत, आणि आमच्या फाटकासमोर दिवसभर पोरापोरींची जत्रा असते. त्या जत्रेतून बाबा आपली पांढरी गाडी बाहेर काढतात तेव्हा पोरं बाजूला होतात, आणि एखादा हमखास मोबाईलवर तिचा फोटो काढतो. तिचं मॉडेल बंद होऊन जमाना झाला. माझ्या लग्नाच्या वरातीत हीच गाडी होती आणि तेव्हाही ती नवी नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा स्वतः दुकानात जाऊन ऑइलचा सीलबंद डबा आणत. मग झोटवाड्यातल्या आपल्या जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेत. जुनं ऑइल सगळं गळून जाईपर्यंत तिथेच स्टुलावर बसत. नव्या डब्याचं सील स्वतःच्या हातांनी फोडत, मिस्त्रीला ओतायला देत, आणि डबा उलटा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत कोणाशी बोलत नसत. रिकामा डबा तिथे ठेवायचा नाही, हा पक्का नियम. तो घरी आणून सुरीने फाडायचा, म्हणजे त्यात कोणी नकली ऑइल भरून विकणार नाही. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मिस्त्री या सगळ्याला हसत नसे. "बाऊजी का त्योहार है," म्हणायचा आणि हात पुसून प्रसादाचा पेढा घ्यायचा.

मला मात्र हसू यायचं. मी एका विमा कंपनीच्या सी-स्कीम भागातल्या ऑफिसात आहे, गाड्यांचे क्लेम रोज बघते. गाडी म्हणजे पत्रा, पत्र्याची पूजा कसली करायची, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. बाबा म्हणाले होते, "पत्र्याची कोण करतंय? तुझ्या सासूबाईंची करतोय."

ते खरंच होतं. आईंचा डावा गुडघा वाकत नाही. ऑपरेशन झालं, मालिश झालं, कुठल्या कुठल्या वैद्यांची तेलं झाली, गुडघ्याने ऐकलं नाही. हल्लीच्या उंच गाड्यांत त्यांना चढता येत नाही, आणि बुटक्या गाडीत बसल्या की उठता येत नाही. या एका गाडीची सीट त्यांना बरोबर पडते. दाराच्या वरच्या कडीला बाबांनी खाटेची नवार दुहेरी शिवून एक फास अडकवून दिलाय. आई गाडीकडे पाठ करतात, फास धरतात, अलगद बसतात, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतात. कोणी मदतीला पुढे झालेलं त्यांना खपत नाही. दार त्या स्वतः ओढतात, पर्स मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "चला." त्या म्हणेपर्यंत बाबा किल्ली फिरवत नाहीत.

एकदा गाडी मिस्त्रीकडे होती म्हणून त्यांना टॅक्सीने नेलं. ड्रायव्हर भला माणूस, त्याने "माताजी, आइए" म्हणत काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. पदर सुटला, चप्पल रस्त्यावर राहिली, हॉस्टेलची पोरं बघत होती. आई घरी येऊन न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. नळ सोडला तरी रडणं ऐकू येतं. त्यानंतर टॅक्सीचं नाव कोणी काढलं नाही.

त्यांना जायचं असायचं ते दर शनिवारी, सी-स्कीममध्ये एका बँकवाल्यांच्या घरी. तिथे मराठी बायका जमतात. कोणी बँकेतल्या, कोणी विम्यातल्या, दोघीतिघी छावणीतल्या फौजी घरांतल्या. दोन अभंग होतात आणि उरलेला वेळ गप्पा. घरी मी दिवसभर ऑफिसात, माझा नवरा बँकेच्या बदलीवर इंदूरला आणि माझी लेक आजीशी बोलते ते असं: "आजी, मतलब तू अभी झोपणार का?" आई तिला हसतात, पण शनिवारहून परतल्या की त्यांची जीभ सैल झालेली असायची. सांगलीचे चार ठेवणीतले शब्द ऐकू यायचे. एक शनिवार मला पुढचा आठवडाभर पुरायचा, तर त्यांना किती पुरत असेल.

गेल्या दसऱ्याच्या आधी बाबांच्या मनाने घेतलं की या वर्षी गाडीला भारीतलं ऑइल घालायचं. आमच्या जयपूरला उन्हाळा जसा अंगावर येतो तशी थंडीही येते. पहाटे गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, जाड ऑइल थंडीत गोठल्यासारखं व्हायचं, आणि आईंना गाडी गरम होईपर्यंत शाल पांघरून बसून राहावं लागायचं. माझ्या नवऱ्याने फोनवरून सल्ला दिला. त्याच्या नव्या गाडीत पाच-तीसचं सिंथेटिक घालतात, पाण्यासारखं पातळ, थंडीत एका क्षणात इंजिनभर पोचतं. तोपर्यंत आमच्या गाडीत वर्षानुवर्षं वीस-पन्नासचं जाड मिनरल ऑइल जायचं. आकड्यांचा अर्थ मलाही तेव्हाच समजला. पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा, आणि आकडा जितका मोठा तितकं ऑइल दाट. बाबांना त्यातलं एवढंच आवडलं की पातळ ऑइल महाग असतं. सणाचं आहे, उत्तमच आणायचं. आमच्याकडे सणाला डालडा चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मिस्त्रीला डब्याचा रंग वेगळा दिसला असणार. पण बाबांनी सील फोडलं, नेहमीप्रमाणे शेजारी उभे राहिले, आणि बाऊजींनी आणलेल्या गोष्टीला नाही म्हणायची त्या गॅरेजात पद्धत नाही. ऑइल अस्सल आहे की नाही याची एवढी काळजी घेतली सगळ्यांनी, की ते या गाडीला चालेल का, हे विचारायचं राहूनच गेलं.

सुरुवातीला गाडी हरखल्यासारखी चालली. किल्ली फिरवली की लगेच सुरू. बाबांनी इंदूरला फोन करून मुलाचं कौतुक केलं, आणि तो तिकडे चार दिवस इंजिनियर असल्यासारखा बोलत होता. मग दिवाळीत पोर्चमध्ये मी रांगोळी काढली, आणि सकाळी बघते तर कमळाच्या मधोमध काळा डाग. मी लेकीवर ओरडले. ती बिचारी म्हणाली, "मम्मा, मैंने नाही केलं." खाली वाकून पाहिलं तर गाडीच्या पोटाखाली थेंब लोंबत होता.

त्यानंतर एकेक सुरू झालं. बाबा रोज सकाळी जुन्या बनियनच्या फडक्याने इंजिनातली मोजपट्टी पुसून ऑइलची पातळी बघायचे, आणि रोज ती थोडी खाली गेलेली असायची. ते वरून थोडं ओतायचे, त्याच भारी ऑइलचा दुसरा डबा आणून. मागून निळसर धूर यायला लागला. आणि एका शनिवारी सी-स्कीमहून परत येताना गोपालपुऱ्याच्या सिग्नलला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला. ऑइलच्या कुपीचं चित्र असलेला, ऑइलचा दाब कमी झाला की लागणारा दिवा. गाडी उभी असली की लागायचा, ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा. तो सिग्नल संपेपर्यंत बाबा ॲक्सिलरेटर दाबून बसले होते, पुढची पोरं वळून बघत होती आणि आई फास घट्ट धरून होत्या. मी मागे बसले होते. मला बाबांची मान दिसत होती, घामाने भिजलेली, डिसेंबरच्या थंडीत.

मिस्त्रीने बॉनेट उघडून बराच वेळ ऐकलं. "इंजन थक गया है, बाऊजी," तो म्हणाला. "खोलना पड़ेगा. और सच बोलूँ तो खोलने लायक नहीं है. निकाल दो गाड़ी." तो काही वाईट बोलला नाही. त्या वयाच्या इंजिनाला तसं झालं की कोणीही तेच म्हणेल. नवरा फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका. मी इथून टॅक्सी बुक करत जाईन आईसाठी, ॲपवरून." मला इतका राग आला की मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, तुझ्या ॲपमध्ये तुझ्या आईचा पदर सावरायची सोय आहे का, ती आधी बघ. त्याला न्हाणीघरातला नळ माहीत नव्हता, त्याचं तरी काय चुकलं?

बाबांनी गाडीवर कापड घातलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. माणसाने सणाला गोडाचं जेवायला घालावं आणि पाहुणा आजारी पडावा, तसं त्यांना झालं होतं. पण तेव्हा अजून कोणालाच सुचलं नव्हतं की आजार त्या गोडाचाच आहे.

आईंनी सगळं सोपं करून टाकलं. शुक्रवारी जेवताना म्हणाल्या, "मी नाही जायची उद्या. गुडघा ठणकतोय. आणि त्याच त्याच गप्पांचा कंटाळाही येतो." पुढच्या शुक्रवारीही तेच. बाबा मान खाली घालून जेवत होते. त्यांनी विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही. मी तरी ठेवला नाही. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. त्या बँकवाल्यांकडे ते दरवर्षी रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी असतं आणि तिळाच्या वड्या आईंच्या हातच्या असतात. त्या वर्षी तीळ डब्यातच होते.

संक्रांतीला इथे आकाश पतंगांनी भरून जातं. त्या दिवशी मला सुट्टी होती. लेक गच्चीवर, बाबा आत झोपलेले, गल्लीत "वो काटा" चा गलका. आई खोलीत दिसेनात. मी स्वयंपाकघरात पाहिलं, मागे पाहिलं, मग पोर्चमध्ये आले. गाडीवरचं कापड एका बाजूने वर केलेलं होतं. आई आत त्यांच्या सीटवर बसल्या होत्या. चांगली साडी नेसलेल्या, मांडीवर पर्स, दार लावलेलं. समोर फाटक बंद होतं आणि त्या सरळ समोर बघत होत्या.

मी काच वाजवली. त्या दचकल्या, मग ओशाळल्या. दार उघडून म्हणाल्या, "काही नाही गं. बघत होते, अजून बसता येतंय का आपलं आपल्याला. सवय गेली तर पुन्हा जमायचं नाही."

मी मागचं दार उघडून आत जाऊन बसले. दोघी तशाच बसलो. एक कटलेला पतंग बॉनेटवर येऊन पडला.

बाबा आवाजाने उठून बाहेर आले. त्यांनी आम्हा दोघींना बघितलं, कापड पूर्ण काढलं, आणि काही न विचारता आपल्या जागेवर येऊन बसले. आई सवयीने म्हणाल्या, "चला." बाबांनी किल्ली फिरवली. कुठे जायचं नव्हतंच. गाडी जागेवर सुरू राहिली आणि इंजिन तापल्यावर आतून तो आवाज यायला लागला, कोणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसा. टक, टक, टक.

"हा आवाज दसऱ्यानंतरचा आहे," आई म्हणाल्या.

"म्हातारी झालीय गाडी," बाबा म्हणाले. "मिस्त्री म्हणाला ना."

"म्हातारी काय एका रात्रीत होतं का कोणी? दसऱ्याच्या आधी मी बसलेच होते की याच जागेवर. पहाटे कुरकुरायची, पण एकदा तापली की गप्प असायची. आता पहाटे गप्प असते आणि तापली की बडबडते. उलटं झालंय." मग म्हणाल्या, "मला बासुंदी सोसत नाही, म्हणून काय बासुंदी वाईट असते? पण मला ताकभातच लागतो. हिला काय सोसतं ते बघा ना."

बाबांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "तेलच बदललं होतं आपण. दुसरं काहीच बदललं नव्हतं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांची दया आली. त्यांनी ते ऑइल कोणासाठी आणलं होतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. आई म्हणाल्या, "मला थंडीत बसावं लागू नये म्हणून आणलंत. शाल आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बाबांबरोबर झोटवाड्याला गेले. मिस्त्रीला सगळं सांगितलं. झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइल तापलं की आणखी पातळ होऊन फटींतून निसटतं, हे त्याला लगेच पटलं. तो हातावर हात मारून म्हणाला, मग आता वीस-पन्नास नको, त्याच्याही वरचं जाड घालू, आणि सोबत एक ऑइल घट्ट करायची बाटली ओतू, आवाज एकदम बंद. स्पेअर पार्टच्या दुकानदाराचं तिसरंच मत, त्याने काउंटरवर तीन डबे मांडले. मला तर वाटलं, पातळाने बिघडलं म्हणजे जितकं जाड तितकं बरं. पण बाबांनी आता कानाला खडा लावला होता. त्यांनी तिन्ही डबे हातात घेतले, फिरवून पाहिले आणि परत ठेवले. "फार जाड घातलं तर थंडीत वरपर्यंत चढायलाच वेळ लागेल, तोवर इंजिन कोरडं चालेल," ते म्हणाले. "आणि आवाज दाबणारी बाटली नको. आवाज आला तर आम्हाला ऐकू यायला पाहिजे. हिला इतकी वर्षं जे मानवलं तेच द्या." वीस-पन्नासचा साधा डबा. सोबत नवा फिल्टर. सील त्यांनीच फोडलं, पण या वेळी डबा मिस्त्रीसमोर धरून विचारलं, "ठीक है ना?" मिस्त्रीने डबा घेऊन आकडे नीट वाचले आणि म्हणाला, "ठीक है, बाऊजी."

गाडी तासभर चालू ठेवली. तापली. दिवा लागला नाही. टकटक होती, पण दबकी, कान देऊन ऐकली तरच. धूर कमी झाला, पूर्ण गेला नाही. मिस्त्री म्हणाला, थेंब गळेल अधूनमधून, वरून भरत राहा, लांबच्या प्रवासाला नेऊ नका. म्हणजे इंजिन काही तरणं झालं नव्हतं. सी-स्कीमपर्यंत जाऊन परत येण्याइतकं होतं. आम्हाला तेवढंच हवं होतं. भारी ऑइल थोडं उरलं होतं, ते बाबांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. आमचं फाटक हल्ली श्रीमंतांच्या घरासारखं उघडतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी आईंनी पहाटे उठून वड्या थापल्या. दुपारी गाडीकडे पाठ केली, फास धरला, बसल्या, पाय आत घेतला. "चला."

हळदीकुंकू छान झालं. या वर्षी दोघीजणी बदलीने गेल्या होत्या आणि एक नवी आली होती, सांगलीचीच निघाली. मग काय, आईंना तिथून उठवेना. बायकांचं काम म्हणून बाबा आत आले नाहीत, बाहेर झाडाखाली गाडीतच बसून होते. मी वाणाची वाटी त्यांना दाखवायला म्हणून बाहेर गेले तर इंजिन सुरू होतं आणि ते डॅशबोर्डकडे टक लावून बघत होते. "उभी असताना लागतो का, ते बघतोय," म्हणाले.

परत निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. कोचिंग सुटलं होतं. गोपालपुऱ्याच्या त्याच सिग्नलला गाडी थांबली आणि बाबांची नजर खाली गेली ती तिथेच खिळली. लाल सिग्नलचा हिरवा झाला तरी त्यांना कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मी मागून काही बोलणार तेवढ्यात आईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अहो, तुम्ही समोर बघा," त्या म्हणाल्या. "दिवा लागला तर मी सांगेन."

बाबांनी वर पाहिलं आणि गिअर टाकला. आईंनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मला मागे बसून रडू येत होतं आणि ते लपवायची गरजही नव्हती, कारण मागे वळून बघायला कोणाला सवड नव्हती. बाबा रस्त्याकडे बघत होते. आई त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत होत्या, घर येईपर्यंत.